डोळे मिटले म्हणजे नाही

आमच्या दुकानात ग्राफिक्स कार्डं दुरुस्त होतात असं सांगितलं, की निम्मी माणसं विचारतात, "म्हणजे गेलेले फोटो परत येतील का हो?" मग मला समजावावं लागतं, की अहो, या कार्डात फोटो नसतात. यात काहीच साठत नाही. पडद्यावर दिसतं ते चित्र हे कार्ड काढतं आणि काढून झालं की विसरतं, लगेच पुढचं काढायला घेतं. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पायरी उतरताना पुन्हा विचारतं, "पण फोटो?" मी चिडायचे. बाबा म्हणायचे, "ठिणगे, त्याला कार्ड कळलं असतं तर तो आपल्याकडे कशाला आला असता?"

ठिणगी हे बाबांनी ठेवलेलं नाव, माझं डोकं लवकर तापतं म्हणून. त्यांचं स्वतःचं कधी तापत नसे. हा धंदा ते कुठल्या शाळेत शिकले नाहीत, मेलेली कार्डं उघडून उघडून शिकले, आणि त्यांचा हेका एकच होता: मोजल्याशिवाय बोलायचं नाही. कार्डावर विजेचे वेगवेगळे रस्ते असतात. चिपचा एक, मेमरीचा एक, पंख्याचा एक. मीटरच्या दोन सुया टेकवून एकेक रस्ता मोजत जायचं, मग कुठला रस्ता बिघडलाय ते कळतं. कोणी घाईने विचारलंच, "काय झालंय हो कार्डाला?" तर बाबा सरळ सांगायचे, "ते अजून मला बोललेलं नाही."

दुसरा हेका शून्याचा. आमच्या टेबलावर एक सप्लाय आहे. हवे तेवढे व्होल्ट देणारा डबा, तोंडावर मोठे लाल आकडे आणि त्यांच्याखाली गोल नॉब. पंख्याला बारा व्होल्ट लागतात, मेमरीला दीडसुद्धा पुरे होतात. म्हणून एक काम संपलं की सुई खाली ठेवायच्या आधी नॉब शून्यावर आणायचा. कोणी विसरलं तर बाबा मागच्या खोलीतून जेवता जेवता ओरडायचे, "शून्य!" त्यांना तिथून कसं कळायचं देव जाणे. ही ओरड सगळ्यात जास्त काकांनी खाल्ली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. हात सोन्याचा, पण घाई पाचवीला पुजलेली.

मग बाबांचा अंगठा गेला. स्क्रू ड्रायव्हर हातातून निसटला तेव्हा बाबा हसले. काही दिवसांनी पुन्हा निसटला तेव्हा कोणी हसलं नाही. त्यानंतर हात, पाय, मान आणि शेवटी जीभ. एकेक स्नायू बंद पडत जातो असा तो आजार. डोकं मात्र शाबूत राहतं. डॉक्टर हे दिलासा म्हणून सांगतात. त्यात दिलासा कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही.

डोळे तेवढे राहिले, म्हणून डोळ्यांनी बोलायचं यंत्र आणलं. पडद्यावर अक्षरं असतात आणि खालचा कॅमेरा बुबुळांवर लक्ष ठेवतो. ज्या अक्षरावर नजर थांबेल ते अक्षर उमटतं, वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने बोलतं. आवाज बाबांचा नव्हता, पण बोलणं अस्सल बाबांचं होतं. कित्येक महिन्यांनी त्यांचं पहिलं वाक्य ऐकू आलं ते असं: "ही उशी आहे की वीट?" आम्ही तिघंही हसता हसता रडलो. आईने त्या यंत्राचं नाव पोपट ठेवलं. काका म्हणाले, "वहिनी, नाव जरा बघून ठेवा, नाहीतर आपलाच पोपट व्हायचा." तो आमच्या घरातला शेवटचा बरा विनोद.

कारण पोपट मुका झाला. पंखा फिरत होता, दिवा लागत होता, पण पडदा काळाठिक्कर. उघडून पाहिलं तर आतलं ग्राफिक्स कार्ड गेलेलं. नेमकं आमच्याच धंद्यातलं दुखणं, आणि तेही घरात! कोणाला वाटेल, मग काय, दुसरं बसवायचं. पण ते यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. कार्डाचा आकार तिचा स्वतःचा, आणि कॅमेऱ्याची वायरसुद्धा थेट कार्डातच घातलेली. बाजारातलं कुठलंही कार्ड तिथे बसेना. मी ओळखीच्या प्रत्येक दुकानात फोन केले. दुसऱ्या बनावटीचं नवं यंत्र बाहेरून मागवलं, पण ते यायला महिना तरी जाणार होता. आमच्याकडे मात्र एकच दिवस होता.

बाबांचा श्वास आता पुरत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी येणार होते. गळ्यातून नळी घालून श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं की नाही, ते ठरवायला. नळी घातली तर बाबा वर्षानुवर्षं जगू शकतील, असेच, याच खाटेवर. नाही घातली तर थोडेच दिवस. आणि डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, "एकदा यंत्रावर घेतलं की मग आम्हाला ते काढता येत नाही. तेव्हा नीट विचार करा." आईला बाबा हवे होते, कसेही. काकांना भावाचे हाल बघवत नव्हते. बाबांना आधी विचारलं होतं तेव्हा पोपट म्हणाला होता, "मी सांगेन. त्याच दिवशी सांगेन. कारणासकट." मोजल्याशिवाय बोलायचं नाही ना! स्वतःच्या मरणालासुद्धा तोच नियम.

म्हणून ते कार्ड सकाळपर्यंत चालू व्हायलाच हवं होतं. पोपटाशिवाय बाबांकडे दोनच शब्द उरले होते. वर पाहिलं म्हणजे हो. डोळे मिटले म्हणजे नाही. तिसरा उपाय वर्णमालेचा. मी ओळीने विचारायचं, "क, ख, ग ची ओळ? च, छ, ज ची? ट, ठ, ड ची?" योग्य ओळ आली की ते वर बघणार, मग त्या ओळीतलं अक्षर, मग त्याची बाराखडी. एका शब्दाला घाम फुटायचा. दोन अक्षरं झाली की पापण्या जड व्हायच्या आणि बाबा सोडून द्यायचे. त्यातून कारणासकट काही सांगणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

दुपारी काकांनी आणि मी दुकानातलं टेबल उचलून बाबांच्या खाटेशेजारी आणलं. बाबांना विचारलं होतं, "इथेच करू का, तुमच्यासमोर?" त्यांनी झटकन वर बघितलं. मग सूक्ष्मदर्शक, मीटर, सप्लाय सगळं मांडलं. आम्ही दोघं टेबलाच्या पलीकडे बसणार होतो, तरी सप्लायचं तोंड मी खाटेकडे केलं. म्हटलं, बाबांना आकडे दिसू देत. त्यांना तेवढंच आपण कामात आहोत असं वाटेल.

मी मोजायला लागले. चिपचा रस्ता ठीक निघाला. मेमरीचा रस्ता मात्र थेट अर्थिंगला मिळालेला, म्हणजे शॉर्ट.

"भाजू या," काका म्हणाले. "गरम हवा मारतो चिपवर. कार्ड पंधरा दिवस तर पंधरा दिवस चालेल. आपल्याला उद्याचा दिवस निघाला तरी पुरे आहे."

"काका, शॉर्ट भाजून जातो का कधी? एखादा कपॅसिटर बसलाय यातला. तो शोधायला पाहिजे."

"शोधत बस तू. इथे तिळाएवढे चाळीसेक कपॅसिटर आहेत, दळण दळल्यासारखं एकेक काढणार?"

"काढायचे कशाला? एक व्होल्ट द्यायचा. जो मेलाय तो तापेल. बाबांनी मला हेच शिकवलंय, तुम्हालाही शिकवलं होतं."

काकांना ते लागलं. बोलताना माझ्या जिभेला हाड नसतं. तरी त्यांनी माझ्याशी न भांडता भावाकडे पाहिलं. "दादा, तूच सांग. भाजू?"

बाबांनी डोळे मिटले.

"शोधू?"

बाबांनी वर बघितलं. मला अगदी लहान पोरीसारखा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, उद्याची नळी त्या क्षणी माझ्या डोक्यातून पार गेली होती. बाबा माझ्या बाजूने होते.

काका म्हणाले, "बरं. पण त्याआधी पंखा बघून घेऊ. नाहीतर कपॅसिटर बदलून कार्ड चालू करायचो आणि पंख्यापायी पुन्हा जळायचं." तेही खरंच होतं. पंख्याचा आवाज आधीपासूनच घरघरता होता. काकांनी वाकून सप्लायचा नॉब फिरवला, पंख्याला बारा व्होल्ट दिले, पंखा भिरभिरला. "हा ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी सप्लायचं बटण बंद केलं आणि पंख्याच्या वायरी सोडवल्या. मी तोवर कार्डावर स्पिरिटचा पातळ हात फिरवत होते. मेलेला कपॅसिटर तापला की त्याच्यावरचं स्पिरिट सगळ्यात आधी वाळतं, तो ओळखायची हीच खूण.

"दे आता सुई," काका म्हणाले. "तू वरून बघ, मी टेकवतो."

"थांबा हो," आई खाटेच्या पलीकडून म्हणाली. "हे नाही म्हणतायत."

मी वळून पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. उघडले, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मिटले. घट्ट.

"काय नाही, बाबा? व्होल्ट द्यायचा नाही?"

डोळे मिटलेलेच.

"आत्ता तर हो म्हणाला," काका म्हणाले. "मग भाजू का, दादा?"

त्यावरही डोळे मिटले. मला राग आला. बाबांवर नाही, त्या दोन शब्दांवर. हो आणि नाही! एवढ्यावर माणसाने जगायचं? "अक्षरं घेऊ या," मी म्हटलं आणि त्यांच्या उशाशी बसले. क ची ओळ नाही. च ची नाही. ट ची नाही, त ची नाही, प ची नाही. शेवटच्या ओळीला, य, र, ल, व म्हणायला घेतलं, तेव्हा त्यांनी वर बघितलं. पापण्या थरथरत होत्या. य? र? ल? व? श? वर बघितलं. श. श, शा, शि, शी, शु, शू...

बाबांनी वर बघितलं.

"शू!" आई पटकन म्हणाली. "अग बाई, शू लागलीय त्यांना! आणि आपण बसलोय अक्षरं घोकत. तुम्ही दोघं जरा बाहेर व्हा बघू."

आजारी माणसाच्या घरात शब्दसुद्धा लहान होतात. आमच्याकडे कोणी लघवी म्हणत नसे, शूच म्हणत. मी उठले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. शेवटी कोडं एवढंसंच होतं, आणि मी बाबांचा हात थोपटून म्हटलं, "आधी सांगायचं नाही का हो." काका आणि मी दाराच्या पडद्याबाहेर उभे राहिलो. आतून आईचा आवाज आला, "झाली, झाली. एवढं अडवून धरलं होतं होय?" बाटली घेऊन ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर अभिमान होता. नवऱ्याचं मन आपल्याला सगळ्यांच्या आधी कळलं याचा.

आम्ही आत गेलो तर बाबांचे डोळे मिटलेले.

"लागला डोळा," आई हळूच म्हणाली. "मोकळं वाटलं असेल. आता नका त्यांना छळू. काम उरका."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काकांनी सप्लायची एक सुई कार्डाच्या अर्थिंगला अडकवली, दुसरी मेमरीच्या रस्त्यावर धरली आणि हात लांबवून बटण दाबलं.

एका कपॅसिटरवरचं स्पिरिट क्षणात उडालं. तो लाल झाला, त्यातून बारीक धूर निघाला आणि तो फुटला. "सापडला!" काका ओरडले. "गेला शॉर्ट! गेला बघ!" मीही ओरडले. इतका स्वच्छ, इतक्या झटपट बिघाड सापडणं नशिबात कधीतरी येतं. आई दारातून हात जोडून बघत होती.

मग चिपच्या बाजूने टक् असा आवाज झाला. मोठा नाही. काडी मोडावी एवढाच.

काकांनी सुई उचलली. एक व्होल्टने कपॅसिटर असा फुटत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं. मी उठले, टेबलाला वळसा घालून खाटेच्या बाजूला गेले आणि सप्लायचं तोंड पाहिलं. बारा. मोठे लाल आकडे, बाबांच्या डोळ्यांसमोर. पंखा तपासून झाल्यावर काकांनी बटण बंद केलं होतं, नॉब फिरवला नव्हता. मीही बघितलं नव्हतं. शॉर्ट होता तोवर वीज त्या मेलेल्या कपॅसिटरमधून वाहून जात होती. तो जळून वाट मोकळी झाली, आणि बाराच्या बारा व्होल्ट मेमरीत आणि तिथून चिपमध्ये घुसले. मीटर लावला. चिपचा रस्ता, जो तासाभरापूर्वी ठीक होता, तो आता मेलेला होता. त्या चिपला औषध नाही. तशी दुसरी मिळत नाही.

शू नव्हतं ते. शून्य होतं.

बाबांना डबा समोर दिसत होता. त्यांनी नाही म्हटलं, पुन्हा नाही म्हटलं, आणि आम्ही अक्षरं विचारली तेव्हा थरथरत्या पापण्यांनी ती सगळी वर्णमाला शेवटच्या ओळीपर्यंत सहन करून पहिलं अक्षर दिलं. जन्मभर दुकानात ओरडले तो एकच शब्द. आणि आम्ही त्यांना बाटली लावली.

"पोपट मेला हे राजाला सांगायचं कोणी?" असं आपल्यात म्हणतात. आमच्यावर तीसुद्धा वेळ आली नाही. बाबांनी डोळे उघडले होते आणि ते आमच्याकडे बघत होते. त्यांचा डोळा लागलेलाच नव्हता. ते नाही म्हणत होते. काका खाली फरशीवर बसले आणि त्यांनी भावाच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या तोंडून एकच निघालं, "बाबा, तुम्ही शून्य म्हणत होतात?"

बाबांनी वर बघितलं.

मी खोलीबाहेर गेले आणि दुकानाच्या शटरवर दोन्ही मुठी आपटल्या. रस्त्यावरची माणसं बघत होती. बघू देत.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी बाबांचं बोट यंत्रात धरून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि आम्हाला म्हणाले, "फार वेळ नाही. त्यांचं बोलायचं यंत्र कुठे आहे?"

"बंद पडलं," मी म्हटलं.

"मग हो-नाहीवर घेऊ." डॉक्टर खाली वाकले. आवाज चढवला, जसा काही आजार कानांनाच झाला होता. "श्वासासाठी गळ्यातून नळी घालायची आहे. तुम्हाला ती हवी आहे का?"

बाबांनी डोळे मिटले.

"नाही म्हणतायत," डॉक्टर म्हणाले.

"नाही म्हणजे नाहीच, असं नसतं त्यांचं," आई म्हणाली. ती अचानक खाटेच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये उभी राहिली होती. "काल पण ते नाहीच म्हणत होते. त्यांना भलतंच काहीतरी सांगायचं होतं आणि आम्ही भलतंच समजलो. विचारा हिला!"

"वहिनी," काका दबक्या आवाजात म्हणाले, "दादा दमलाय. आता तरी त्याचं ऐका."

"तुम्ही बोलू नका. सुई तुमच्या हातात होती."

काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आईने हे बोलायला नको होतं. पण तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, शब्द बदलून. "नळी नको, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

डोळे मिटलेलेच होते. आता याचा अर्थ काय लावायचा? नको, याला नाही, म्हणजे हवी? की पहिल्या प्रश्नाचंच उत्तर अजून चालू आहे? की डोळे उघडायची ताकदच राहिलेली नाही? मी उशाशी बसले आणि अक्षरं म्हणायला लागले. क ची ओळ, च ची ओळ. शेवटच्या ओळीपर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून आले. बाबांचे ओठ निळे पडत होते. पापणी हलली नाही.

"ठरवा," डॉक्टर म्हणाले. "गाडी दारात उभी आहे. हो असेल तर आत्ता हलवावं लागेल." आई रडत होती, काका भिंतीला टेकले होते, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मला त्या मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ कळला होता का? कळला होता, असं मला आज वाटतं. बाबा मोजून बोलणारे. पहिल्या प्रश्नाला त्यांनी लगेच, शांतपणे डोळे मिटले होते. पण कालच्या चुकीने माझ्या हातात एक पळवाट दिली होती, आणि मला बाबा हवे होते. एवढंच. त्यांना काय हवंय हे मी बाजूला सारलं.

"घाला," मी म्हटलं.

बाबांनी डोळे उघडले. गाडीत घालेपर्यंत ते माझ्याकडे बघत होते, आणि मी आईचा खांदा धरून दाराच्या पायऱ्या बघत होते.

बाबा जगले. गळ्यात नळी, उशाशी श्वासाचं यंत्र, खोलीभर त्याचा फुस्स फुस्स आवाज. दुकान मी चालवते. काका येतात, पण सप्लायला हात लावत नाहीत, फक्त साफसफाई करतात आणि माझं बोलणं ऐकून घेतात. घरी आल्यापासून बाबांना मी काही विचारलं नाही. अंग पुसते, डोळ्यांत थेंब घालते, दुकानातल्या गोष्टी सांगते. ते ऐकतात की नाही ते बघायचं मी टाळते.

मग मागवलेलं नवं यंत्र आलं. मी ते स्वतः जोडलं. कार्ड आधी बाहेर काढून सगळे रस्ते मोजले, परत बसवलं, पडदा खाटेला लावला. कॅमेऱ्याने बाबांची बुबुळं पहिल्याच फटक्यात पकडली. आई मागच्या खोलीत नळ सोडून भांडी घासत होती. मी तिला हाक मारायच्या बेतात होते, पण बाबांनी टाइप करायला सुरुवातही केली होती. अक्षरामागून अक्षर उमटत होतं. थांबत नव्हते, चुकत नव्हते. हे वाक्य त्यांच्याकडे बरेच दिवस तयार असणार.

यंत्र बोललं, "मी दोन्ही दिवशी नाही म्हणालो होतो."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर धरून उभी राहिले. मागच्या खोलीतला नळ बंद झाला. आई ओल्या हातांनी धावत आली, तिचा चेहरा उजळला होता. "बोलले? बोलले ना? मला नुसता आवाज आला. काय म्हणाले ग?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"कूस बदलून द्या म्हणाले," मी सांगितलं.

"एवढंच ना," आई म्हणाली, आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना कुशीवर वळवलं.